डाय तापवायचं काम

माझ्या भावाची वाचा गेली, त्याच वर्षी त्याच्या कारखान्यातून गेलेल्या पिना परत यायला लागल्या.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. आम्ही अहमदपूरचे, वडील शाळेत मास्तर. दादानं लातूरला डिप्लोमा केला, पुण्याकडं एका फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेलं लोखंड दाबून घडवायच्या, कारखान्यात बरीच वर्षं काढली, आणि परत येऊन लातूरच्या एमआयडीसीत एक शेड घेतली. एक भट्टी, एक जुनी फ्रिक्शन प्रेस, एक लेथ आणि मोजकी माणसं. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना मध्ये जी जाड लोखंडी पिन घालतात, ती तो बनवायचा. उसाच्या हंगामात निलंग्याच्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात, त्या सगळ्या अशाच पिनांवर जोडलेल्या असतात. एसटीच्या खिडकीतून मी त्या वर्षानुवर्षं बघत आले, पण त्यातली एखादी पिन आपल्या घरची असेल असं कधी मनात आलं नाही.

मी नांदेडला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. सिरॅमिक हा माझा विषय. लालबुंद लोखंडाशेजारी राहूनही मऊ न पडणारी, पोलादाहून कठीण अशी सिरॅमिक्स असतात, त्यांच्यावर मी काम केलं. दादा त्याला कपबशा म्हणायचा. दिवाळीला भेटलो की विचारायचा, "काय म्हणतात कपबशा?" चेष्टाच होती ती, पण कारखान्यात मात्र तो मला दारापर्यंतच न्यायचा. "आत ठिणग्या उडतात बाई, इथूनच बघ," म्हणायचा. मला तो लहानपणापासून बाईच म्हणायचा. मीही कधी हट्ट केला नाही. त्याचं घर वेगळं, माझं काम वेगळं, असं आमचं चाललं होतं.

एका सकाळी अंघोळीला निघालेला दादा न्हाणीच्या दारात खाली बसला आणि त्याला उठताच येईना. उजवी बाजू गेली होती. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा पाय थोडा उचलत होता, हात मात्र लोंबत होता, आणि बोलणं संपलं होतं. त्याला सगळं कळायचं. कोण आलं, कोण गेलं, कशाबद्दल बोलणं चाललंय, सगळं. पण तोंडातून फक्त "ते... ते..." निघायचं. आणि शिव्या. डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं, ठरवून बोलायचे शब्द जातात आणि आपोआप येणारे राहतात. घरात ज्याच्या तोंडून आम्ही कधी वावगा शब्द ऐकला नव्हता, तो पाणी मागायला जायचा आणि शिवी देऊन बसायचा. मग स्वतःच मान खाली घालायचा. पहिले काही दिवस वहिनी भेटायला आलेल्या माणसांना बाहेरच्या खोलीत बसवायची आणि मधलं दार ओढून घ्यायची.

वहिनी निलंग्याकडच्या शेतकरी घरातली. बारावी झालेली, अंगानं बारीक, आवाज खणखणीत. तोवर ती कारखान्यात गेली होती ती दसऱ्याला प्रेसला हार घालण्यापुरती. दादा पडल्यावर तिनं आठवडाभर वाट बघितली आणि मग एका सकाळी किल्ल्या घेऊन गेली. तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कोणाला विचारलं नाही.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. मी तासावरून नुकतीच बाहेर पडले होते.

"ताई, पिना परत आल्या. पोती भरून. भोकात बसना म्हणून राहिले लोकं."

"सगळ्या?"

"लई आल्या. चाचा म्हणतेत डाय झिजली. मी रोज जाऊन राहिले, पण मला काय कळतंय त्यातलं? ह्यांना विचारायचं तर ह्यांना सांगता येत न्हाई. तुम्ही येऊन बघता का?"

दादाच्या कारखान्यातल्या कामासाठी मला बोलावणं आलं ते हे पहिलंच.

त्या रविवारी मी गेले. चाचा म्हणजे प्रेसवरचे ऑपरेटर. शेड सुरू झाली तेव्हापासून ते दादाबरोबर होते. मला म्हणाले, "या मॅडम," आणि दारातच घुटमळले, कारण मला आजवर तिथंच थांबवलं जायचं. मग वहिनी म्हणाली, "आत येऊ द्या की," आणि मी आत गेले.

पिन कशी होते ते त्या दिवशी मी पहिल्यांदा जवळून बघितलं. भट्टीत तापवलेला सळईचा तुकडा चिमट्यानं उचलून डायच्या, म्हणजे पोलादी साच्याच्या, भोकात उभा करतात. भोकाच्या वर थोडा भाग उघडा राहतो. वरून प्रेसचा जाड स्क्रू फिरत येतो आणि तो उघडा भाग चेपतो, की पिनेचं डोकं तयार होतं. सगळा मार बसतो तो डायच्या भोकाच्या तोंडावर. तापलेलं लोखंड तिथून दाबलं जातं, त्याच्यावरचे जळके पापुद्रे तिथंच घासतात, आणि पोलादाची ती कड दर पिनेगणिक थोडी मऊ पडते, थोडी झिजते. तोंड सैल झालं की पिनेची मान जाड होते आणि ती भोकात जात नाही. मग शेतकरी ती घणानं ठोकून बसवतो, आणि रात्री रस्त्यात ट्रॉली सोडायची वेळ आली की ती निघत नाही.

झिजण्यात नवीन काही नव्हतं. डाय पूर्वीही झिजायचीच. फरक इतकाच, की दादा दर थोड्या दिवसांनी ती उघडायचा, झिजलेल्या जागी वेल्डिंगचा थर चढवायचा आणि लेथवर पुन्हा मापाला आणायचा. ते काम तो कोणाला करू देत नसे. आता ते करणारं कोणी नव्हतं. बाहेरून करून आणलेल्या डायला वेळ लागायचा आणि काम मनासारखं व्हायचं नाही.

मी वहिनीला म्हणाले, "तोंडाशी सिरॅमिकचं कडं बसवून बघू या. ते तापून मऊ पडत नाही."

"फुटतं का?"

"फुटू शकतं."

तिनं जरा विचार केला. "करा. असं चाललं तर दुसरं काय होणार हाय इथं." आणि मग हळू आवाजात, "पर ह्यांना सांगू नका. मनाला लावून घेतील."

म्हणून घरी गेल्यावर मी दादाला कॉलेजच्या कामानं आलेय असं सांगितलं. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. त्यानं माझ्या बुटांकडं बघितलं. बुटांना शेडमधली काळी राख लागली होती. मी पाय खुर्चीखाली घेतले आणि वहिनीनं चहा आणला.

नांदेडला परत येऊन मी कामाला लागले. सिलिकॉन नायट्राइड नावाच्या पदार्थाची कडी मागवली. करड्या-काळ्या रंगाचं, हातात घेतलं तर वाटतं त्याहून हलकं, काचेसारखं गुळगुळीत. प्रयोगशाळेत हिऱ्याच्या चाकावर घासून ते मापाला आणलं, आतली धारदार कड गोल केली, कारण असल्या पदार्थाला धार म्हणजे तडा जायची जागा. सिरॅमिक दाब कितीही सोसतं, पण ताण सोसत नाही. म्हणून त्याच्याभोवती पोलादाचं कडं असं बसवावं लागतं की ते त्याला चारी बाजूंनी सतत आवळून धरेल. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार धाव चढवतो, तसंच. लोखंडी धाव तापवून फुगवायची, चाकावर घालायची, आणि गार होताना ती चाकाला करकचून धरते. अहमदपूरला शाळेच्या वाटेवर ते मी कितीदा बघितलं होतं. वर्गात शिकवताना मात्र मी पुस्तकातलीच आकृती काढत आले.

पहिलं कडं आम्ही एका रविवारी बसवलं. चाचांनी डाय प्रेसमध्ये आवळली, भट्टीतून पहिला तुकडा आला, डोकं छान उठलं. दुसरा, तिसरा. मग एक बारीक आवाज आला, चिनी मातीच्या ताटलीला चमचा लागावा तसा. चाचांनी हात वर करून प्रेस थांबवली. कड्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

"गार होतं ना," मी म्हणाले. खरंच डाय गार होती आणि त्यावर भट्टीतलं लोखंड येऊन पडलं होतं. एकदम आलेल्या आचेनं आतला भाग फुगला, बाहेरचा तसाच राहिला. पोलाद असं काही झालं तर जरा ताणून घेतं. सिरॅमिक ताणत नाही, तुटतं.

दुसऱ्या वेळी मी डाय आधी तापवली. हातात गॅसचा बर्नर धरून, डायभोवती फिरवत, हळूहळू. चाचांची माणसं तोवर बिड्या ओढत बाहेर बसली. कडं टिकलं. दुपारपर्यंत पिना पडत राहिल्या आणि प्रत्येक पिन मापात होती. वहिनी स्वतः मापाचं भोक पाडलेल्या लोखंडी पट्टीतून एकेक पिन घालून बघत होती. तिनं पदर खोचला होता आणि कपाळाला राख लागली होती. पिन भोकातून सुळकन गेली की तिचा चेहरा मला दिसत होता.

जेवणानंतर चाचांनी प्रेस सुरू केली. पोलादाची डाय फार तापली की तिच्यावर कुंच्यानं पाणी मारायची पद्धत असते. चाचांचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीनं पाण्याच्या डब्याकडं गेला. मी "चाचा, पाणी नको" म्हणेपर्यंत कुंचा डायवर फिरला होता. छर्र झालं, वाफ उठली, आणि मग तोच बारीक आवाज.

चाचा कुंचा हातात धरून उभे राहिले. "हात गेला मॅडम," ते म्हणाले. "सकाळी तुम्ही सांगितलं होतं. हाताला सवय हाय."

त्या संध्याकाळी घरी, स्वयंपाकघरात, दादाला ऐकू जाऊ नये म्हणून वहिनी अगदी खालच्या आवाजात मला बोलली. भाकरी थापता थापताच.

"ताई, आता बस करू या. तुमचं शिकणं होतं ह्याच्यात, मला कळतंय. पर माझी माणसं बसून राहिलीत. त्यांची पण घरं हायेत."

"मी शिकायला आले नाही वहिनी."

"न्हाई म्हणत न्हाई मी. पर मला रोजच्या रोज दार उघडायचं हाय."

मला ते लागलं. आणि ती चुकीचं बोलत नव्हती हेही लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघाले. चाकूर गेलं, अहमदपूर आलं. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले, मी जागेवरच बसून राहिले. पिशवीत फुटलेली दोन्ही कडी होती. प्रयोगशाळेत नेऊन तडा कुठून सुरू झाला ते बघायचं होतं, म्हणून मी ती उचलून आणली होती. ती बघितलीही. त्यावरून मला जे कळायचं ते कळलं. पण वहिनीला फोन करायचं धाडस झालं नाही, आणि तिचाही आला नाही.

ईदला मी दादाला भेटायला लातूरला गेले होते. संध्याकाळी चाचा शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. दरवर्षी यायचे. दादाच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, त्याचा हात हातात घेतला, आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाले, "मॅडमचं कडं लई चांगलं चाललं होतं मालक. माझ्या हातानं फुटलं. मला झोप न्हाई त्या दिवसापासून."

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की हे दादापासून लपवलेलं आहे.

दादानं माझ्याकडं बघितलं. मग वहिनीकडं. वहिनी डबा रिकामा करत होती, तिचे हात थांबले. दादा म्हणाला, "ते... ते..." आणि पुढं शिवी आली, मोठ्यानं, आणि पुन्हा तीच. चाचांनी त्याचा हात सोडला नाही. दादाला शिवी द्यायची नव्हती, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. त्याला विचारायचं होतं. माझ्या कारखान्यात काय चाललंय, हे मला तुम्ही का सांगितलं नाही, असं काहीतरी. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला उजवा हात उचलायला गेला तर तो उचलेना.

मी पिशवीतून कड्याचे तुकडे काढले. नांदेडहून येताना का आणले होते कोणास ठाऊक. त्याच्या मांडीवर ठेवले. डाव्या हातानं त्यानं ते उलटेपालटे केले, दोन तुकडे एकमेकांना जुळवून धरले, सोडले. मग मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. कडं काय असतं, कसं आवळलंय, गार असताना का तडकलं, पाण्यानं का तडकलं. तो ऐकत होता. इतक्या वर्षांत माझा विषय मी त्याला असा सांगितलाच नव्हता, त्यानं विचारला नव्हता म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निळा शर्ट घालायच्या खटपटीत बसलेला दिसला. कारखान्याचा. बाहीत एक हात गेला होता, दुसरा अडकला होता. वहिनी पुढं झाली, तिनं दुसरा हात बाहीत घातला आणि गुंड्या लावल्या.

"ताई," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "अजून एक कडं करा."

तिसऱ्या कड्याला पाण्याचा प्रश्न नव्हता. वहिनीनं पाण्याचा डबाच शेडमधून काढून टाकला होता, आणि त्याऐवजी डायला लावायला ग्रॅफाइट मिसळलेलं तेल ठेवलं होतं, म्हणजे लोखंड कमी घासतं. प्रश्न होता तापवण्याचा. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी डाय बर्नरनं हळूहळू, सगळीकडून सारखी तापवायला हवी. घाई केली, एका बाजूला जास्त आच दिली, तर तडा. त्याला तास-दीड तास लागायचा. माणसं पिनांच्या नगावर काम करायची. त्यांना तो वेळ म्हणजे बुडालेली मजुरी. एकानं सुरुवात केली आणि अर्ध्यातच "झालं मॅडम" म्हणून मोकळा झाला. मी काही रोज नांदेडहून येऊ शकत नव्हते. चाचांना भट्टी बघायची असायची.

दादा प्रेसच्या बाजूला खुर्चीत बसला होता. त्यानं डावा हात पुढं केला. आधी मला वाटलं त्याला उठायचंय. तो बर्नर मागत होता.

मी त्याला उष्णता मोजायचं डिजिटल यंत्र दिलं, बंदुकीसारखं असतं, डायकडं रोखलं की आकडा दिसतो. त्यानं आकडा बघितला, पुन्हा बघितला, आणि यंत्र माझ्या हातात परत दिलं. त्याला आकडे कळत नव्हते. शब्दांबरोबर तेही गेले होते, आणि हे आम्हाला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर केसाएवढी मापं घेतली, त्याला तीन आकडी संख्या वाचता येईना. माणसं बघत होती म्हणून मी यंत्र पटकन पिशवीत टाकलं.

पुढच्या वेळी मी खडू घेऊन गेले. एक खास खडू मिळतो, ठरावीक उष्णतेलाच वितळणारा. डायवर ओढायचा. कोरडी रेघ उठली तर अजून तापायची आहे, रेघ ओली होऊन पसरली की झालं. वाचायचं काही नाही. दादानं तो एकदा ओढून बघितला आणि मान हलवली.

तेव्हापासून डाय तापवायचं काम त्याचं झालं. वहिनी सकाळी सगळ्यांच्या आधी रिक्षानं त्याला घेऊन यायची, बर्नर पेटवून त्याच्या डाव्या हातात द्यायची. खुर्चीचा एक हत्ता चाचांनी कापून काढला होता, कोपर मोकळं राहावं म्हणून. तो ज्योत डायभोवती फिरवत राहायचा. थोड्या थोड्या वेळानं बर्नर मांडीजवळच्या स्टँडवर अडकवायचा, खडू उचलायचा, रेघ ओढायचा. घाई हा शब्द त्याच्यापुरता संपला होता. माणसं येईपर्यंत डाय तयार असायची. मग दिवसभर तो तिथंच बसायचा. ग्रॅफाइटचं तेल कमी लागतंय असं वाटलं, किंवा जेवणाच्या सुटीत कोणी भट्टी मंद न करता निघून गेलं, तर त्याच्या तोंडून एक सणसणीत शिवी यायची आणि माणसं ताबडतोब वळायची. वहिनीला आता त्या शिव्यांची लाज वाटत नव्हती. "मालक बोलले," एवढंच ती म्हणायची.

कडं टिकलं. पोलादाची डाय ज्या वेळेत उघडावी लागायची, त्याच्या कितीतरी पुढं ते गेलं. शेवटी झिजलं तेही, सिरॅमिकही अमर नसतं, पण हळू आणि सारखं झिजलं, फुटून नाही. हंगाम ऐन भरात होता. पिना मापात जात होत्या आणि पोती परत येणं थांबलं.

त्या हिवाळ्यात एकदा मी भल्या सकाळी शेडमध्ये गेले. दादा एकटाच होता, वहिनी मागं नळाला पाणी आलंय का बघायला गेली होती. त्यानं मला बघितलं आणि पायानं जवळचं स्टूल माझ्याकडं सरकवलं, अगदी प्रेसच्या शेजारी. मी बसले. ज्योत निळी होती, तिची ऊब चेहऱ्यावर येत होती. काही बोलावं असं मला वाटत होतं, की तुला हे काम आवडतं का, की तुला कंटाळा येतो का. विचारलं नाही. त्याला उत्तर देता आलं नसतं, आणि "ते... ते..." करताना त्याचा चेहरा जो व्हायचा तो मला त्या वेळी बघायचा नव्हता. त्यानं खडू माझ्या हातात दिला. मी रेघ ओढली. कोरडी उठली. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा बर्नर फिरवायला लागला. आम्ही असे बराच वेळ बसलो होतो.

मग, मूर्खपणा म्हणा की हुशारी, मी एक विजेची पट्टी तयार केली. डायभोवती गुंडाळायची, बटण दाबायचं, डाय आपोआप हळूहळू तापते आणि ठरलेल्या जागी थांबते. मला वाटलं, दादाला थंडीत पहाटे उठून यायला नको. मी ती घेऊन लातूरला आले आणि स्वयंपाकघरात वहिनीला दाखवली.

तिनं ती हातात घेतली, उलटून बघितली. "हे लावलं की बर्नर लागत न्हाई?"

"नाही."

"मग ताई, हे परत घेऊन जा."

"चांगलं आहे हे, वहिनी."

"चांगलंच असंल. पर ह्यांचं काम जाईल." तिनं पट्टी माझ्या पिशवीत ठेवली आणि वर टॉवेल झाकला. "रात्री झोपताना खडू उशाशी ठेवून राहिलेत ते. तुम्ही बघितलं न्हाई, म्या बघते."

मी पट्टी नांदेडला नेली आणि कपाटात ठेवली.

दादानं दोन हंगाम ते काम केलं. तिसरा हंगाम सुरू होण्याआधी, पावसाळा संपताना, त्याला दुसरा झटका आला. दवाखान्यात तो थोडे दिवस होता. शेवटी शेवटी त्याला कळत होतं की नाही, सांगता येत नाही. वहिनी त्याच्या डाव्या हाताजवळ बसायची. मी पायाशी. तो गेला तेव्हा दुपार होती आणि खाली रस्त्यावर कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं.

चाचांनी आणि माणसांनी त्याला खांदा दिला. तेरावं होईपर्यंत शेड बंद राहिली. चौदाव्या दिवशी सकाळी वहिनीनं निळा शर्ट धुऊन घडी करून कपाटात ठेवला आणि मला म्हणाली, "ती पट्टी आणा आता."

मी घेऊन आले. चाचांनी आणि मी ती डायला बसवली, वायर जोडली. बटण दाबल्यावर छोटा लाल दिवा लागला. बाकी काही नाही. ना ज्योत, ना आवाज. आम्हाला कोणालाच काही करायचं नव्हतं. माणसं आली, भट्टी पेटली, आणि सगळे डाय तापायची वाट बघत उभे राहिले. चाचांनी त्या खुर्चीकडं बघितलं आणि ती उचलून भिंतीशी नेऊन ठेवली. कोणी तिच्यावर बसलं नाही. पुढं काही महिन्यांनी त्यांनी कापलेल्या बाजूला पाईप जोडून ती नीट केली, आणि आता हिशेबाच्या टेबलाशी वहिनी तिच्यावर बसते.

कारखाना चालू आहे. ट्रॉलीच्या हुकाच्या डायलाही सिरॅमिक बसवायचा मी प्रयत्न केला. तिथं मार तिरका पडतो, ताण येतो, आणि कडं दरवेळी फुटलं. शेवटी मी तो नाद सोडला. हूक अजून पोलादाच्या डायवरच होतात आणि ती डाय झिजली की चाचांच्या हाताखाली शिकलेला एक जण लेथवर दुरुस्त करतो. सगळीकडं सिरॅमिक चालत नाही, हे मी विद्यार्थ्यांना आता आधी सांगते.

दरवर्षी मी त्यांना शेड दाखवायला आणते. पिशव्या, मोबाईल सांभाळत ते दाराशी रेंगाळतात, आणि वहिनी त्यांना म्हणते, "आत या, जवळून बघा. लांबून काय दिसतंय?" मग ती त्यांना पिना दाखवते, पट्टी दाखवते. मागच्या वेळी एका मुलीनं विचारलं, ही पट्टी नव्हती तेव्हा डाय कशी तापवायचे?

"आमचे मालक तापवायचे," ती म्हणाली. "हातानं. लई चांगली तापवायचे." आणि मुलीला भट्टीपासून थोडं मागं सरकायला सांगून ती पुढच्या मशीनकडं गेली.